एक गोणी, चौदा विहिरी
(जमीन वापरावरून भूजलातील नायट्रेटचा हिशेब)

पाणी गढूळ असले की डोळ्यांना दिसते, क्लोरीन जास्त पडले की नाकाला कळते, क्षार वाढले की चहा बिघडतो. नायट्रेटचे तसे नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आपल्याला त्रास होण्याइतके असले तरी जिभेला पत्ता लागत नाही. म्हणून त्याचा शोध दोनच मार्गांनी लागतो. एक तर प्रयोगशाळेत, नाही तर वहीत हिशेब मांडून. या लेखात वहीचा मार्ग सांगणार आहे. मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्या प्रोजेक्टचा विषय हाच आहे. मॉडेल म्हटले की मोठे सॉफ्टवेअर, रंगीत नकाशे आणि व्हायवाची भीती डोळ्यांसमोर येते. पण या विषयाचा गाभा अकरावीचे रसायनशास्त्र आणि त्रैराशिक एवढ्यावर समजतो. कॅल्क्युलेटर जवळ घेऊन वाचा.

आधी मर्यादा समजून घेऊ

भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, आणि पर्यायी स्रोत नसला तरी यात सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५० आहे. अमेरिकेत मात्र १० लिहिलेले आढळेल. ते लोक चौपट कडक आहेत असे समजू नका. ते फक्त नत्र मोजतात, आपण पूर्ण नायट्रेट मोजतो. नत्राचा अणुभार १४, नायट्रेटचा रेणुभार ६२. भागाकार ४.४३. म्हणजे त्यांचे १० म्हणजे आपले ४४.३. लॅबचा रिपोर्ट हातात आला की आकडा नत्राचा आहे की नायट्रेटचा हे पहिल्यांदा बघा. रिपोर्टात १२ दिसले म्हणून खूश व्हावे, आणि ते नत्र निघाले तर पाणी ५३ चे असते!

मर्यादा ठेवण्याचे मुख्य कारण तान्ही मुले. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध पाजताना असे पाणी वापरले तर नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करते आणि रक्त ऑक्सिजन नीट वाहू शकत नाही. बाळ निळसर पडते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध जोडून दाखवला. आणि एक गोष्ट घरी आवर्जून सांगा. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढते. कँडलचा फिल्टर आणि यूव्ही दिवा यांचाही इथे उपयोग नाही. आरओने मात्र ते बरेच कमी होते.

केंद्रीय भूमिजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालानुसार देशातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले. असे नमुने सापडलेले जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते, ते ४४० झाले. महाराष्ट्रात तर एक तृतीयांशाहून अधिक नमुने मर्यादेबाहेर होते. म्हणजे विषय दूरचा नाही, आपल्याच विहिरीचा आहे.

एका गोणीचा हिशेब

युरियात ४६ टक्के नत्र असते. गोणी ४५ किलोची. म्हणजे एका गोणीत २०.७ किलो नत्र. ते सगळे नायट्रेट होऊन खाली गेले असे क्षणभर धरू. २०.७ गुणिले ४.४३, झाले ९१.७ किलो नायट्रेट. लिटरला ४५ मिलिग्रॅमने भाग द्या. उत्तर येते सुमारे २० लाख लिटर. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते साधारण १ लाख ४१ हजार लिटर भरते. म्हणजे एक गोणी चौदा विहिरींचे शुद्ध पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकते.

अर्थात सगळी गोणी खाली जात नाही. बरेचसे नत्र पीक घेते, काही अमोनिया होऊन हवेत उडते, काही मातीतले जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी वायुरूप नत्र करून सोडतात, काही मातीच्या सेंद्रिय भागात अडकते. जे नायट्रेट उरते ते पाण्याबरोबर खाली सरकते, कारण नायट्रेटवर ऋण भार असतो आणि मातीच्या कणांवरही ऋण भार. माती त्याला धरून ठेवत नाही. अमोनियमला धरते, नायट्रेटला सोडते.

आता सूत्र. एका हेक्टरमधून वर्षाला जितके किलो नत्र मुळांच्या खाली निसटते त्याला ‘गळती’ म्हणू. त्याच हेक्टरमधून जितके मिलिमीटर पाणी भूजलात मुरते त्याला ‘भरण’ म्हणू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर पाणी. एककांची काटछाट केली की राहते एवढेच:

मुरणाऱ्या पाण्यातले नायट्रेट (मिलिग्रॅम प्रति लिटर) = ४४३ × गळती ÷ भरण

गळती १० किलो आणि भरण १०० मिलिमीटर घातले की उत्तर ४४.३. हेक्टरी दहा किलो, म्हणजे अर्धी गोणी नत्र निसटले की शंभर मिलिमीटर पाणी मर्यादेला टेकले. एवढे लक्षात ठेवले तरी अर्धा लेख लक्षात राहिला.

एक गाव मांडू

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. पावसाच्या ७ ते १३ टक्के पाणी अशा खडकात मुरते असे भूजलाच्या अंदाजात सर्वसाधारणपणे धरतात. मी उदाहरणासाठी एक गाव मानले आहे. १००० हेक्टरचा पाणलोट, पाऊस ७०० मिलिमीटर, त्यातले १० टक्के, म्हणजे ७० मिलिमीटर मुरते. ऊस आणि कांद्याला कॅनॉलचे पाणी. गळतीचे टक्के मी गृहीत धरले आहेत, तुमच्या गावासाठी ते वेगळे येतील.

ऊस, २०० हेक्टर. महाराष्ट्रात सुरू उसाला हेक्टरी २५०, पूर्वहंगामीला ३४० आणि आडसालीला ४०० किलो नत्राची शिफारस आहे. सरासरी ३०० धरू, गळती १५ टक्के, म्हणजे ४५ किलो. पाटपाण्यामुळे ३०० मिलिमीटर जादा मुरते, एकूण भरण ३७०. सूत्रात घाला: ५४ मिलिग्रॅम.

कांदा, १०० हेक्टर. नत्र १०० किलो, गळती १५, भरण १७०. उत्तर ३९.

जिरायत, ५०० हेक्टर. नत्र ४० किलो, गळती २ किलो, भरण ७०. उत्तर सुमारे १३.

गायरान आणि झुडपी जंगल, १६० हेक्टर. गळती १ किलो, भरण ७०. उत्तर ६.

गावठाण, ४० हेक्टर. इथे जरा थांबू. खताची गोणी इथे कोणी टाकत नाही, म्हणून जमीन वापराच्या नकाशात गावठाण हा नुसता लाल ठिपका राहतो. पण एक माणूस वर्षाला सुमारे ४ किलो नत्र बाहेर टाकतो. वस्ती ३००० धरली तर १२ हजार किलो. त्यातले ४० टक्के शोषखड्ड्यांतून खाली गेले असे धरू, म्हणजे ४८०० किलो. उकिरडे आणि गोठे यांचे आणखी २००० किलो. एकूण ६८०० किलो, हेक्टरी १७०! सांडपाणी माणशी रोज ४० लिटर मुरते असे धरले तर ११० मिलिमीटर जादा, एकूण भरण १८०. सूत्राचे उत्तर ४१८ मिलिग्रॅम. मर्यादेच्या नऊपट.

सगळे एकत्र केले तर नत्र १८,४६० किलो आणि पाणी १४ लाख ४३ हजार ८०० घनमीटर. पूर्ण पाणलोटाची सरासरी ५६.६ मिलिग्रॅम. आता वाटा बघा. उसाचा वाटा जवळजवळ निम्मा, ४९ टक्के. पण चार टक्के जागेवर असलेल्या गावठाणाचा वाटा ३७ टक्के. आणि पिण्याचा हातपंप बहुतेक गावांत कुठे असतो? गावठाणात, देवळाजवळ किंवा शाळेजवळ. म्हणजे सरासरी ५६ असली तरी हातपंपावरची बाई घागरीत ५६ चे पाणी भरत नाही. जमीन वापरावरून मॉडेल करण्याचा खरा उपयोग इथे आहे. सरासरी कोणी पीत नाही, प्रत्येक जण आपापल्या विहिरीचे पितो.

आकड्यांवर विश्वास किती?

व्हायवात हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. उसाची गळती १५ ऐवजी १० टक्के धरली तर सरासरी ४७.४ येते, २० टक्के धरली तर ६५.८. पावसाचे मुरणे ७ टक्के धरले तर ६६.३, १३ टक्के धरले तर ४९.४. चारही वेळा उत्तर ४५ च्या वरच राहते. म्हणजे नेमका आकडा डळमळीत असला तरी निष्कर्ष पक्का आहे. चांगल्या मॉडेलकडून एवढी अपेक्षा जरूर ठेवावी. शिवाय या हिशेबात खाली गेलेले नायट्रेट वाटेत नष्ट होत नाही असे धरले आहे. चिकणमाती आणि ऑक्सिजन नसलेल्या थरात ते काही प्रमाणात नष्ट होते, तेव्हा हा अंदाज जरा सावध बाजूचा आहे.

यापेक्षा मोठी मॉडेल्स तीन जातींची आहेत. पहिली जात गुणांची. तिचा प्रसिद्ध नमुना ‘ड्रास्टिक’, अमेरिकेत १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला. भूजलाची खोली, भरण, खडक, माती, उतार, वरचा असंपृक्त थर आणि पाणी वाहून नेण्याची क्षमता, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १ ते १० गुण द्यायचे आणि ठरलेल्या वजनांनी गुणायचे. वजने अनुक्रमे ५, ४, ३, २, १, ५, ३. एकूण गुण २३ ते २३० मध्ये येतात. यात जमीन वापर मुळात नाही. म्हणून बरेच अभ्यासक तो आठवा थर म्हणून जोडतात. घर किती पोकळ आहे हे ड्रास्टिक सांगते, चोर कुठे राहतो हे जमीन वापर सांगतो.

दुसरी जात संख्याशास्त्राची. शेकडो विहिरींचे नमुने आणि प्रत्येक विहिरीभोवतीचा जमीन वापर घेऊन ४५ ओलांडण्याची शक्यता काढायची. तिसरी जात भौतिक प्रक्रियांची. मातीतल्या नत्रासाठी ‘स्वॅट’, भूजलाच्या प्रवाहासाठी ‘मॉडफ्लो’ आणि त्यातून वाहणाऱ्या प्रदूषकासाठी ‘एमटी३डी’. ही ताकदवान आहेत, पण पाणी वाळूसारख्या सच्छिद्र थरातून सारखे झिरपते हे त्यांचे नेहमीचे गृहीतक. आपल्या पाषाणात पाणी भेगांतून धावते. शेजारच्या दोन विहिरींत एकीत २० आणि दुसरीत ९० आले तर लगेच मॉडेलला नावे ठेवू नका, आधी खडकाकडे बघा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला ज्या भेगा पडतात त्यांतूनही पहिल्या पावसाचे पाणी मधली माती चुकवून थेट खाली जाते.

उपाय करून बघू

मॉडेलची खरी गंमत ‘असे केले तर?’ या प्रश्नात आहे. आपल्या गावातला सगळा ऊस ठिबकवर नेऊ. नत्र २५० किलो, हप्त्याहप्त्याने, गळती ८ टक्के. उसाची गळती ४५ वरून २० किलोवर आली. एकूण नत्र १३,४६० किलो. बाकी काही बदलले नाही तर सरासरी ४१.३. वा! पण थांबा. ठिबकने नुसते खत वाचत नाही, पाणीही वाचते. उसाखालचे जादा भरण ३०० वरून १०० मिलिमीटरवर आले, म्हणजे पाणलोटातले ४ लाख घनमीटर पातळ करणारे पाणी गेले. पुन्हा भागाकार करा: ५७.१. होतो तिथेच!

म्हणून ठिबक वाईट असा अर्थ काढू नका. खाली जाणारे नत्र ५ टन कमी झाले, कॅनॉलचे पाणी वाचले, शेतकऱ्याचा खतावरचा खर्च वाचला. फक्त तीव्रता आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही बघाव्या लागतात. आता जोडीला गावठाणही हातात घेऊ. सांडपाणी गटारातून बाहेर नेऊन शुद्ध केले, उकिरडे पक्क्या तळाचे केले, ६८०० किलोचे १५०० केले. शोषखड्ड्यांचे पाणीही गेले. नत्र ८१६० किलो, पाणी बरोबर १० लाख घनमीटर, सरासरी ३६.१. शेत आणि गावठाण दोन्हीकडे काम केले तेव्हा गाव मर्यादेच्या आत आले. बांधावर आणि चावडीवर ‘तुझे खत की माझा शोषखड्डा’ असा वाद होतो, त्याचे उत्तर दोन्ही, असे आकडेच सांगतात.

तिसरा उपाय फुकटचा आहे. ज्या विहिरीच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे ते पाणी हंगामात १००० मिलिमीटर दिले तर हेक्टरी ४५० किलो नायट्रेट, म्हणजे सुमारे १०० किलो नत्र पाण्यातूनच पडते. जवळजवळ पाच गोण्या! पीक ते सगळे घेईलच असे नाही. पण विहिरीचे पाणी तपासून तेवढ्या हिशेबाने वरचे खत कमी केले तर पैसे वाचतात आणि पंपच विहीर साफ करू लागतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढी एक गोष्ट वडिलांना किंवा काकांना जरूर सांगा.

किती दिवसांत फरक पडेल?

इथे आपला पाषाण जरा बरा वागतो. समजा पाण्याचा थर १० मीटर जाड आहे आणि त्यातून निघू शकणारे पाणी २ टक्के. म्हणजे साठा फक्त २०० मिलिमीटर. वर्षाचे भरण १०० असेल तर साठा बदलायला लागणारा काळ २०० भागिले १००, म्हणजे दोन वर्षे. साध्या मिश्रणाच्या गणिताने ५६.६ वरून निघालेले पाणी दोन वर्षांत ४३.६ वर आणि चार वर्षांत ३८.९ वर येते. मातीत जुने नत्र साठलेले असते, त्यामुळे प्रत्यक्षात उशीर होईल, पण एका सरपंचाच्या मुदतीत फरक दिसावा असा हा काळ आहे. हाच हिशेब तापी किंवा पूर्णेच्या गाळाच्या थराला लावा. ५० मीटर जाडी आणि १० टक्के धरले तर साठा ५००० मिलिमीटर, काळ ५० वर्षे. तिथे आज टाकलेल्या गोणीचा जाब नातवंडे विचारतील.

आणि आपले हॉस्टेल

शेवटी घरचा हिशेब. ४०० मुलांचे हॉस्टेल वर्षभर भरलेले असे धरले तर १६०० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या ७७ गोण्या दरवर्षी. सेप्टिक टँक घाण गाळतो, पण बहुतांश नत्र अमोनियाच्या रूपात तसेच पुढे जाते आणि शोषखड्ड्याच्या मातीत त्याचे नायट्रेट होते. बोअर त्या खड्ड्याच्या उताराकडे असेल तर पुढचे सांगायला नको. मेसमधले आचारी, सफाई करणारे मामा आणि क्वार्टर्समधली कुटुंबे बहुधा त्याच बोअरचे पाणी पितात, आणि क्वार्टर्समध्ये तान्ही मुलेही असतात.

करण्यासारखे काम फार मोठे नाही. कॅम्पसचा नकाशा काढा, त्यावर बोअर, सेप्टिक टँक, शोषखड्डे, बाग आणि जमिनीचा उतार दाखवा. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये, असे दोनदा नमुने घ्या. स्वच्छ बाटली, बर्फाची पेटी, आणि शक्यतो त्याच दिवशी तपासणी. एन्व्हायर्नमेंट लॅबमध्ये यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर २२० नॅनोमीटरवर वाचन घ्या आणि सेंद्रिय पदार्थांची दुरुस्ती करायला २७५ वर दुसरे. त्याच नमुन्यात क्लोराइडही मोजा. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही एकत्र वाढलेले दिसले तर संशय सांडपाण्याकडे जातो. मग वरचे सूत्र वापरून आपले उत्तर किती जवळ आले ते तपासा. चार जणांच्या ग्रुपला एका सेमिस्टरचे काम आहे, सबमिशनही होईल. आकडा ४५ च्या आत आला तर नोटीस बोर्डावर लावा, बाहेर आला तर आधी क्वार्टर्समधल्या आयांना सांगा आणि मग नोटीस बोर्डावर लावा.